पोटाच्या आणि यकृताच्या तज्ज्ञाकडे जाताना: पहिल्या लक्षणापासून घरच्या देखरेखीपर्यंत

पोटविकारतज्ज्ञाच्या दारात बसलेल्या रुग्णांकडे पाहिले तर दोन तऱ्हा ठळकपणे दिसतात. एकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते: जळजळ, गुडगुड, पोट फुगणे, मुरडा, कधी बद्धकोष्ठता तर कधी जुलाब, त्याचे रिपोर्ट मात्र पुष्कळदा नीट येतात. दुसऱ्याला काहीच त्रास नसतो. नोकरीच्या किंवा विम्याच्या तपासणीत कुठलातरी आकडा वर निघाला म्हणून त्याला पाठवलेले असते, आणि कधीकधी आजार नेमका त्याचाच पुढे गेलेला निघतो. आतडे बोलके आहे, यकृत मुके आहे. सुमारे दीड किलो वजनाच्या या अवयवाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही; त्याचे बाहेरचे आवरण ताणले गेले तरच दुखते, आणि त्याची राखीव ताकद इतकी मोठी असते की वर्षानुवर्षे झीज होत राहिली तरी रुग्ण आपली कामे नेहमीसारखी करत असतो. म्हणून तज्ज्ञाकडे जाण्याची तयारी दोन प्रकारे करावी लागते. आतड्याच्या तक्रारीसाठी रुग्णाने आपली हकीकत नीट मांडून न्यावी, आणि यकृताच्या तक्रारीसाठी आपले जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. पुढील मजकूर याच धाग्याने, पण रुग्णाला ज्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात त्या क्रमाने लिहिला आहे.

वाट पाहू नये अशी लक्षणे

काही लक्षणांत तज्ज्ञाची वेळ घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या क्षणी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा असतो. रक्ताची उलटी होणे, किंवा डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शौच होणे, याचा अर्थ अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तस्राव होत आहे असा धरावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, परंतु तो चिकट नसतो आणि त्याला तो विशिष्ट वास येत नाही. तरीही शंका असेल तर घरी बसून ठरवू नये. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणे, हे त्रिकूट पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असते, आणि त्यात तासांना महत्त्व असते. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत घुसणारे, उलट्यांसह येणारे दुखणे स्वादुपिंडाच्या दाहाचे असू शकते. पोट फुगून वायू व शौच दोन्ही बंद होणे, पोट लाकडासारखे कडक होणे, आणि काविळीच्या रुग्णाने असंबद्ध बोलणे किंवा सारखी गुंगी येणे, याही तितक्याच तातडीच्या गोष्टी आहेत. शेवटच्या प्रकारात शक्य असल्यास यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेले केंद्रच गाठावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तापावर आणि अंगदुखीवर सर्रास घेतले जाणारे पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेले असेल, मग ते चुकून असो वा अन्यथा, तर पहिल्या दिवशी रुग्ण जवळजवळ ठीक दिसतो आणि घरचे निश्चिंत होतात. यकृताची खरी हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. यावरचा उतारा पहिल्या ८ तासांत दिला गेल्यास सर्वांत उत्तम काम करतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता त्याच तासाला निघावे.

दुसरा गट असा, की ज्यात धावपळ नको पण आठवड्यांच्या आत तज्ज्ञ गाठणे आवश्यक असते. घास अडकणे, आणि विशेषतः आधी घन पदार्थ व नंतर द्रवही अडकू लागणे. प्रयत्न न करता वजन उतरणे. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब. पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे. दुखणे नसताना कावीळ, गडद लघवी आणि मातकट पांढरी शौच. आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय. या शेवटच्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. हिमोग्लोबिन कमी निघते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आकडा सुधारतो आणि सगळे विसरतात. पण लोह गेले कुठे, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तसेच शौचातून रक्त जाते म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालू नये. मूळव्याध असलेल्या माणसाच्या आतड्यात दुसराही आजार असू शकतो.

कोणाकडे जावे

साध्या तक्रारीची सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांकडेच करावी, कारण त्यांना आपला पूर्वेतिहास ठाऊक असतो आणि त्यांनी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी तज्ज्ञाचा बराच वेळ वाचवते. पुढे गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट म्हणजे अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंतचे तसेच यकृत, पित्तमार्ग व स्वादुपिंड यांचे विकार औषधांनी व दुर्बिणीने हाताळणारा तज्ज्ञ. हेपॅटोलॉजिस्ट त्यांतला यकृतावर लक्ष केंद्रित केलेला. शस्त्रक्रिया करणारे पोटाचे सर्जन वेगळे, आणि मोठे आतडे व गुदमार्ग यांचे सर्जन त्याहून वेगळे. ढोबळ नियम असा, की सिरॉसिस (यकृतात वण पडून ते कडक होणे), जलोदर (पोटात पाणी साचणे), जुनाट हिपॅटायटिस (यकृताचा दाह) किंवा प्रत्यारोपणाचा विचार असेल तर हेपॅटोलॉजिस्ट गाठावा. बाकी बहुतेक तक्रारींत गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट हा योग्य पहिला थांबा आहे.

बालकांसाठी बालपोटविकारतज्ज्ञ असतात. नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही उतरली नाही आणि शौच पांढुरकी असेल, तर ती साधी कावीळ समजून उन्हात ठेवण्यात दिवस घालवू नयेत. पित्तनलिका जन्मतः बंद असण्याच्या विकारात करावयाची शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या वयाच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. पालकांनी बाळाच्या लंगोटाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवला तरी निदानाला मोठी मदत होते.

केंद्र निवडताना भव्य इमारतीपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री-अपरात्री रक्तस्राव थांबवण्यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, होते का, अतिदक्षता विभाग आहे का, आणि आतून काढलेल्या तुकड्याची (बायोप्सीची) तपासणी करणारे अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आहेत का.

हकीकत लिहून नेणे

आतड्याच्या विकारांत निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या तोंडूनच बाहेर येतो. तरीही बहुतेक जण तज्ज्ञासमोर बसल्यावर 'गॅसेस होतात', 'ॲसिडिटी आहे', 'पोट साफ होत नाही' असे तीन शब्दप्रयोग करून थांबतात. ही निदाने झाली, लक्षणे नव्हेत. कोणाच्या 'गॅस'चा अर्थ ढेकर असतो, कोणाच्या लेखी पोट फुगणे असते, तर एखाद्याच्या बाबतीत ते छातीत दाटून येणे असते, आणि त्या शेवटच्या माणसाला खरे तर हृदयाच्या तपासणीची गरज असते.

भेटीआधी दोन आठवडे एक छोटी वही ठेवावी. वेळ, काय झाले, नेमके कुठे, किती वेळ, कशाने वाढले, कशाने थांबले, एवढेच त्यात लिहावे. उदाहरणादाखल अशा वहीतल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू.

'सोमवार, सकाळी ९. निघण्याच्या घाईत बेंबीखाली मुरडा. दोनदा शौचास, दुसऱ्यांदा पातळ. नंतर मोकळे वाटले. दिवसभर काही नाही.'

'मंगळवार, पहाटे ३. दुखण्याने जाग आली. उजवीकडे खाली पीळ. पातळ शौच, चिकट आव. झाल्यावरही दुखत राहिले. पायजम्याची नाडी एक बोट आत बांधावी लागते.'

वरवर दोन्ही 'पोट बिघडल्याच्या' नोंदी आहेत. पहिलीत दुखणे शौचाशी जोडलेले आहे, ते मोकळे झाल्यावर थांबते आणि झोप मोडत नाही. असे दुखणे गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी येत असेल आणि सुरुवात होऊन सहा महिने उलटले असतील, तर तज्ज्ञ आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा, म्हणजे आयबीएसचा विचार करतात. दुसऱ्या नोंदीत झोपेतून जाग, न थांबणारे दुखणे आणि उतरलेले वजन आहे. क्रोन्स हा आतड्याचा दाह किंवा आतड्याचा क्षयरोग येथून शोधावा लागतो, आणि दोघांचे रूप इतके सारखे असते की तुकडा तपासूनही कधीकधी ठरत नाही. नाडीबद्दलचे ते वाक्य रुग्णाने कदाचित सहज लिहिले असेल, पण तज्ज्ञाची नजर आधी त्यावरच जाईल.

शौचाचे वर्णन करायला संकोच वाटत असेल, तर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल मापनपट्टीचा आधार घ्यावा. तिच्यात खड्यांसारख्या सुट्या गोळ्यांपासून पूर्ण पाण्यासारख्या शौचापर्यंत सात प्रकार आहेत, आणि 'प्रकार १, आठवड्यातून दोनदा' एवढे लिहिले की पुरते.

वहीच्या मागच्या पानावर औषधांची यादी असावी, आणि ती प्रामाणिक असावी. सांधेदुखीसाठी अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, काढे, चूर्णे, भस्मे, वजन घटवण्याच्या गोळ्या, व्यायामशाळेत दिलेली पावडर, सगळे त्यात यायला हवे. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समज यकृताच्या बाबतीत घातक आहे. अशा उत्पादनांमुळे झालेल्या यकृताच्या दुखापती तज्ज्ञांना नियमित पाहाव्या लागतात, आणि शक्य असल्यास त्यांची बाटली किंवा वेष्टनच सोबत न्यावे. मद्याचे प्रमाण 'कधीतरी' असे न सांगता आठवड्यात किती दिवस आणि प्रत्येक वेळी किती, असे सांगावे. कुटुंबात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर त्या वेळचे त्यांचे वय लिहावे, कारण आपली तपासणी कोणत्या वयात सुरू करायची याचा हिशेब त्या वयावरून होतो: अनेक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो झाला असल्यास चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचवली जाते.

यकृताचे कागद वाचणे

'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नाव फसवे आहे. त्यातले एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे यकृताचे कार्य मोजतच नाहीत. पेशींना इजा झाली की त्यांतून रक्तात गळणारी ती विकरे आहेत. खूप झिजलेल्या यकृतात गळण्याजोग्या पेशीच कमी उरलेल्या असल्या तर हे आकडे चक्क सामान्य येऊ शकतात. कार्य कळते ते अल्ब्युमिन (यकृत तयार करते ते प्रथिन), बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) आणि रक्त गोठण्याची वेळ सांगणारी प्रोथ्रॉम्बिन चाचणी यांवरून. आणि सर्वांत मोलाचा इशारा बहुधा या तक्त्यात नसतोच. तो साध्या रक्तगणनेच्या कागदावर, प्लेटलेट्सच्या रकान्यात असतो.

समजा, एका ४९ वर्षांच्या व्यक्तीच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट्स २,१०,००० होत्या. तीन वर्षांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी, एसजीओटी ४८, एसजीपीटी तेच ३६, आणि प्लेटलेट्स १,२०,०००. प्रत्येक कागद सुटा पाहिला तर पहिल्यावर काहीच खूण नाही आणि दुसऱ्यावर 'किंचित' बदल आहे. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी, एवढेच लिहिलेले. आता हे कागद एकत्र ठेवून फिब-४ नावाचा हिशेब करू. वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि त्याला हजारांतल्या प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, या गुणाकाराने भागायचे. पहिल्या वेळी ४९ × ३० भागिले २१० × ६, म्हणजे सुमारे १.१७. दुसऱ्या वेळी ५२ × ४८ भागिले १२० × ६, म्हणजे सुमारे ३.४७. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृत मोठ्या प्रमाणात कडक झाले असण्याची शक्यता कमी, आणि २.६७ च्या वर असेल तर ती शक्यता बरीच. वय ६५ च्या पुढे असल्यास खालची मर्यादा २ धरतात, आणि तरुणांमध्ये, म्हणजे साधारण ३५ च्या आत, हा हिशेब विश्वासार्ह ठरत नाही. प्लेटलेट्स घसरण्याचे कारण असे, की यकृत कडक झाले की आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिनी शिरेतला दाब वाढतो, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून राहतात. त्या व्यक्तीला एकही दिवस पोट दुखलेले नसते.

म्हणून गेल्या पाच-सात वर्षांचे जेवढे कागद मिळतील तेवढे तारखेप्रमाणे, जुना खाली आणि नवा वर, अशा क्रमाने फाइलमध्ये लावावेत आणि पहिल्या पानावर अल्ब्युमिन, बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट्स यांचा एक तक्ता हाताने तयार करावा. याला अर्धा तास लागतो. फिब-४ वर आला तर पुढची पायरी फायब्रोस्कॅन. त्यासाठी किमान तीन तास उपाशी असावे लागते, यंत्र बरगड्यांमधून हलका ठोका देते आणि यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये सांगते. ८ च्या खालचा आकडा बहुतेकदा दिलासा देणारा असतो. एसजीपीटी नुकतेच खूप वाढलेले असताना ही चाचणी केल्यास आकडा खोटा फुगून येतो, तेव्हा घाई करू नये.

उलट बाजूही सांगायला हवी. फक्त बिलिरुबिन, आणि तेही अप्रत्यक्ष प्रकारचे, किंचित वाढलेले असेल व बाकी सर्व ठीक असेल, तर ते बहुधा गिल्बर्ट नावाचे निरुपद्रवी जन्मजात वैशिष्ट्य असते. उपास केला की ते वाढते. त्याला औषध लागत नाही, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे पथ्य पाळणाऱ्या माणसांबद्दल वाईट वाटते.

तपासण्या: काय विचारावे, कशी तयारी करावी

जठराच्या एंडोस्कोपीसाठी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवतात. तपासणी काही मिनिटांत होते. जठरव्रण किंवा सततचे अपचन असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध घेतला जातो. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी तो वेगळा करून दाखवेपर्यंत व्रणाचे खापर तणावावर आणि खाण्यावर फोडले जात होते. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे, की श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने हा जिवाणू शोधायचा असेल तर आम्ल कमी करणारी औषधे दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधीपासून बंद हवीत, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी नकारात्मक येते. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी तो खरोखर गेला की नाही याची पुन्हा खात्री करावी. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करतच नाहीत.

कोलोनोस्कोपीच्या यशाचा निम्मा वाटा रुग्णाच्या हातात असतो. आतडे स्वच्छ नसेल तर कितीही कुशल हात असला तरी लहान गाठ, म्हणजे पॉलिप, निसटते. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा असलेले पदार्थ टाळावेत. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव घ्यावेत, आणि त्यांत लाल किंवा जांभळ्या रंगाचे काही नसावे, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचे औषध दोन भागांत घेण्याची पद्धत सर्वांत चांगली: अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. हे पहाटे उठून घ्यावे लागते म्हणून अनेक जण सगळे आदल्या रात्रीच संपवतात, आणि मग सकाळपर्यंत लहान आतड्यातून उतरलेले पित्ताचे थर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाला लेपासारखे चिकटतात. औषध गार करून, सावकाश घोट घेत प्यावे. मळमळ झाल्यास अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. तयारी झाल्याची खूण अशी: शेवटी फक्त पिवळसर, लघवीसारखे स्वच्छ पाणी पडले पाहिजे आणि भांड्याचा तळ दिसला पाहिजे. गढूळ किंवा तपकिरी पाणी येत असेल तर निघण्याआधी केंद्राला तसे कळवावे.

मधुमेहाची औषधे, इन्सुलिन आणि वजन व साखर उतरवणारी नवी इंजेक्शने यांबद्दल आधीच विचारावे, कारण या इंजेक्शनांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि गुंगी देताना धोका वाढतो. रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही. गुंगी दिल्यानंतर त्या दिवशी वाहन चालवू नये व महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, म्हणून सोबत कोणीतरी असणे आवश्यक आहे. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका निव्वळ तपासणीत हजारात एकाहून कमी असतो. पॉलिप काढताना तो थोडा वाढतो. एवढा धोका पत्करण्याजोगा का, तर ज्या पॉलिपांचा पुढे कर्करोग होतो त्यांना त्यासाठी बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि तेवढ्या अवधीत तो काढून टाकला की वाटच बंद होते.

पित्तनलिकेतील खड्यांसाठी केली जाणारी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने पित्तनलिकेत शिरण्याची प्रक्रिया, ही मात्र वेगळ्या जातीची प्रक्रिया आहे. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना तिच्यानंतर स्वादुपिंडाचा दाह होतो. त्यामुळे खडा आहे की नाही हे केवळ पाहण्यासाठी ती करू नये. त्यासाठी एमआरसीपी (पित्तमार्गाचा एमआरआय) किंवा दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी पुरेशी असते, आणि खडा काढायचा नक्की झाला की मगच ईआरसीपी. 'ही तपासणी पाहण्यासाठी आहे की उपचारासाठी?' हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा.

उपचार सुरू झाल्यावर

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतल्या तरच नीट काम करतात. जेवून घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून आलेल्या अनेकांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. आतड्याच्या दाहावरील स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते. जैविक औषधे (प्रतिकारशक्तीतील ठरावीक घटक रोखून दाह शमवणारी) सुरू होण्याआधी क्षयरोग व हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे पाहावे. हिपॅटायटिस बीबद्दलचा नियम कर्करोगाच्या केमोथेरपीलाही लागू आहे, कारण शरीरात दबून राहिलेला विषाणू प्रतिकारशक्ती उतरताच उसळतो.

हिपॅटायटिस बीच्या रुग्णाने विषाणूविरोधी गोळी स्वतःहून थांबवू नये, आणि घरातल्या सर्वांची तपासणी करून ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो, म्हणून बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळाली पाहिजे. हिपॅटायटिस सीची कथा आशादायक आहे. १९८९ मध्ये ओळख पटलेला हा विषाणू आज ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. मात्र सिरॉसिस आधीच झाला असेल तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगासाठीची सहामाही सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते.

फॅटी लिव्हरसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या 'लिव्हर टॉनिक'पेक्षा वजनकाटा अधिक प्रभावी आहे. वजन ५ टक्के उतरले की चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांनी दाह शमतो, आणि १० टक्क्यांपुढे कडकपणाही मागे फिरू शकतो. ८० किलोच्या माणसाला याचा अर्थ आधी ४ आणि मग ८ किलो, तेही महिन्यांच्या गतीने. उपासमार करून झपाट्याने उतरवल्यास पित्ताशयात खडे होतात.

सिरॉसिसच्या रुग्णाची घरची देखरेख

येथे कुटुंबाचे काम डॉक्टरांच्या कामाइतकेच मोठे असते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून लिहावे. दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वाढले तर ते पाणी असते. जलोदर असल्यास दिवसभराचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट चमचाभर, ठेवावे. पाणी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडू नये. प्रथिने बंद करण्याचा जुना सल्ला आता कोणी देऊ नये: रुग्णाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. झोपण्यापूर्वी थोडे खायला द्यावे, कारण रात्रभराचा उपास या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो आणि ते स्वतःचे स्नायू जाळू लागते. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या व झोपेच्या गोळ्या घरात ठेवूच नयेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून व साधारणपणे दिवसाला २ ग्रॅमच्या आत, हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे. जलोदर असताना ताप किंवा पोटदुखी आली तर पोटातले पाणी त्याच दिवशी तपासले गेले पाहिजे.

प्रत्यारोपणाचे नाव काढले की घरात आशा संपल्यासारखे वातावरण होते, ते बरोबर नाही. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हाची स्थिती वेगळी होती. आज हा प्रस्थापित उपचार आहे. रक्ताच्या आकड्यांवरून काढलेला मेल्ड गुणांक १५ वर पोहोचला, किंवा जलोदर, रक्ताची उलटी अथवा यकृताच्या बिघाडाने मेंदूवर परिणाम होऊन येणारा भ्रम यांपैकी काहीही एकदा जरी झाले, तर प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घ्यावा. सल्ला घेणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर गेल्यास शस्त्रक्रिया पेलण्याची ताकदच उरलेली नसते.

भ्रमाची सुरुवात ओळखणे सर्वांत अवघड, कारण ती स्वभावातल्या फरकासारखी दिसते: दिवसा झोप, रात्री जाग, चिडचिड, उत्तर द्यायला लागणारा वेळ. त्यासाठी वजनाच्या वहीतच रुग्णाला रोज स्वतःच्या हाताने तारीख आणि सही लिहायला सांगावी. अक्षर कालच्यापेक्षा हलते आहे, ओळ खाली उतरते आहे, किंवा तारीख चुकली आहे असे दिसले, की आधी कालपासून किती वेळा शौच झाली ते विचारावे. लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारे औषध दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल एवढे द्यायचे असते. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना फोन करून मात्रा वाढवावी, आणि त्याबरोबर ताप, काळी शौच, उलटी किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही असेल, किंवा काही तासांत फरक पडला नाही, तर वही आणि फाइल दोन्ही सोबत घेऊन रुग्णालयात निघावे.